तीन लेकरांचा पुरावा एकदा तरी एकत्र ऐका!

१३ सप्टेंबर २०१८ रोजी सिडनीत न्यू साउथ वेल्स राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने एक अर्ज फेटाळला. त्या तारखेचा अर्थ अर्जामागे उभ्या असलेल्या कुटुंबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बरोबर २८ वर्षांपूर्वी, १३ सप्टेंबर १९९० च्या रात्री, त्यांच्यातलीच सोळा वर्षांची एक मुलगी बाउराव्हिल नावाच्या लहानशा गावातून नाहीशी झाली होती. तिचा देह मिळालेला नाही. तिच्यानंतर तीन आठवड्यांनी चार वर्षांची एक चिमुरडी आजीच्या घरातून गेली. मग १ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे सोळा वर्षांचा एक मुलगा. पाच महिन्यांत, एकाच वस्तीतून, एकाच रस्त्यावरच्या घरांतून तीन मुले! त्यांच्या मृत्यूबद्दल एकाही माणसाला शिक्षा झालेली नाही, आणि तिथला कायदा आहे तसाच राहिला तर ती कधी होण्याचा संभवही नाही.

हे आम्हाला मान्य नाही. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये, हे तत्त्व आम्ही शिरोधार्य मानतो. सत्तेच्या हाती सगळी साधने असतात आणि एकट्या नागरिकाच्या हाती काही नसते. म्हणून सत्तेला एक संधी मिळावी आणि तिथे तिने थांबावे, असे शहाण्या समाजांनी शतकानुशतकांच्या अनुभवातून ठरवले. पण हे कवच निरपराध माणसासाठी घडवले होते. ज्या पोलिसांनी तपासच केला नाही, ज्यांनी आईबापांना दारातून परत धाडले, त्यांच्या पापावर पांघरूण घालण्यासाठी ते घडवले नव्हते. बाउराव्हिलमध्ये नेमके हेच झाले आहे. राज्याने स्वतः केलेल्या हेळसांडीचा दंड राज्याने भरला नाही. तो तीन मेलेल्या मुलांकडून वसूल केला गेला.

बाउराव्हिल हे न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनारपट्टीवरचे, नंबक्का नदीच्या खोऱ्यातले गाव. ही गुंबाइंगिर लोकांची भूमी. गोरे आले, जंगल तोडले, गुरे आणली, आणि ज्यांची जमीन होती त्यांना गावाबाहेर एका तुकड्यावर नेऊन बसवले. त्या वस्तीला आजही लोक 'मिशन' म्हणतात. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव सेमेटरी रोड, म्हणजे स्मशानाचा रस्ता. गावातल्या चित्रपटगृहात आदिवासींसाठी वेगळे दार आणि वेगळ्या जागा होत्या. १९६५ साली चार्ल्स पर्किन्स या तरुण आदिवासी विद्यार्थ्याने सिडनी विद्यापीठातल्या सोबत्यांना घेऊन भेदभावाविरुद्ध जी बसयात्रा काढली, ती या गावातही आली होती, ती याच कारणासाठी. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळे दार, वेगळी बसायची जागा: महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा अर्थ फोडून सांगावा लागू नये. ज्या समाजाला जिवंतपणी वेगळ्या दाराने आत घेतले जाते, त्याच्या मुलांच्या मृत्यूची नोंदही वेगळ्या वहीत होते.

पहिली मुलगी दिसेनाशी झाली तेव्हा घरच्यांनी पोलिसांकडे धाव घेतली. उत्तर काय मिळाले? गेली असेल कुठे भटकायला, येईल परत. आदिवासी माणसे न सांगता रानोमाळ फिरायला निघून जातात, असा गोऱ्यांचा जुना समज आहे, आणि तो समज एका हरवलेल्या मुलीच्या आईच्या तोंडावर फेकण्यात आला. बरे, सोळा वर्षांची मुलगी कुठे नातेवाइकांकडे गेली असेल, हे क्षणभर धरून चालू. पण चार वर्षांचे मूल? रात्री घरात निजलेले चार वर्षांचे मूल कुठे भटकायला जाते? त्या वेळी तरी सारी यंत्रणा खडबडून जागी व्हायला हवी होती. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात, प्रत्येक गाडीत, नदीच्या प्रत्येक वळणावर शोध व्हायला हवा होता. तो झाला नाही. तिसरा मुलगा गेला आणि १८ फेब्रुवारी १९९१ ला गावाबाहेर काही किलोमीटरवर, काँगरिनी रोडलगतच्या रानात त्याचे अवशेष सापडले, तेव्हा कुठे हे खून असू शकतात हा विचार शासनाच्या डोक्यात शिरला. एप्रिलमध्ये त्याच रस्त्यालगत चिमुरडीचे अवशेष मिळाले. पहिल्या मुलीचे कपडे नदीत, दगड भरून बुडवलेले, एका मासेमाराच्या हाती लागले. जे शोधायचे ते पोलिसांनी, आणि सापडले ते गळ टाकून बसलेल्या माणसाला!

मुलाच्या खुनाबद्दल वस्तीत येणे-जाणे असलेल्या एका स्थानिक गोऱ्या मजुरावर एप्रिल १९९१ मध्ये आरोप ठेवण्यात आला आणि पुढे त्याच वर्षी चिमुरडीच्या खुनाबद्दलही. त्याचे नाव आम्ही छापत नाही. दोन ज्युरींनी त्याला निर्दोष सोडले आहे, कायद्याच्या नजरेत तो निर्दोष आहे, आणि आम्हीही तसेच समजून हा लेख लिहीत आहोत. आमचा आरोप त्याच्यावर नाही. ज्यांनी सत्य तपासण्याची प्रत्येक वाट एकेक करून बंद केली, त्यांच्यावर आहे.

पहिली वाट १९९३ साली बंद झाली. दोन्ही खुनांचा खटला एकत्र चालावा अशी सरकार पक्षाची मागणी होती. न्यायमूर्तींनी ती नाकारली आणि खटले वेगळे केले. एका मृत्यूचा पुरावा दुसऱ्या मृत्यूच्या खटल्यात आणला तर ज्युरीचे मन कलुषित होईल, ही त्यामागची भीती. ही भीती पोकळ नसते, हे आम्ही जाणतो. 'यानेच तेही केले असेल' या कुजबुजीवर माणसे फासावर गेली आहेत. पण परिणाम काय झाला तो पाहा. पाच महिने, एक वस्ती, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या पार्ट्या, त्यानंतर नाहीशी झालेली मुले, एकाच रस्त्याच्या कडेला मिळालेले दोन मृतदेह. या सगळ्यातले साम्य हाच या प्रकरणाचा कणा होता. खटल्यात उभा राहिला तो कणा काढून घेतलेला एकेक तुकडा. फेब्रुवारी १९९४ मध्ये मुलाच्या खुनातून आरोपी सुटला. चिमुरडीचा खटला तर सरकारने गुंडाळूनच ठेवला.

आणि त्या ज्युरीने काय ऐकले नाही, तेही सांगितले पाहिजे. मुलगा नाहीसा झाला त्या पहाटे गावातल्या नॉर्को कॉर्नर या वळणावर ट्रकवाल्यांनी एक दृश्य पाहिले होते: रस्त्यावर निपचित पडलेला एक काळा मुलगा आणि त्याच्याजवळ उभा असलेला एक गोरा माणूस. खुनाच्या तपासात असा साक्षीदार मिळावा म्हणून पोलीस वर्षानुवर्षे वणवण करतात. इथे ही माहिती हाताशी असून तिचा नीट पाठपुरावा झाला नाही, आणि १९९४ च्या ज्युरीपुढे ती आलीच नाही. तो माणूस कोण होता, हे आम्ही ठरवू शकत नाही. ते ठरवणे ज्युरीचे काम होते, आणि ज्युरीला ते करू दिले गेले नाही. याला चूक म्हणण्याची आमची तयारी नाही. चूक एकदा होते. इथे तीन वेळा दार ठोठावले गेले आणि तिन्ही वेळा आत बसलेल्यांनी कानावर हात ठेवले.

१९९६ नंतर नव्या पथकाने तपास हाती घेतला. त्यातले गॅरी जुबेलिन हे अधिकारी पुढे या पथकाचे प्रमुख झाले आणि ही मुले गोरी असती तर तपास असा झाला नसता, हे त्यांनी उघडपणे बोलून दाखवले. २००४ मध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली, चिमुरडीच्या खुनाचा खटला पुन्हा उभा राहिला, आणि मार्च २००६ मध्ये त्यातूनही आरोपी सुटला. याही खटल्यात एकाच मृत्यूची कहाणी ज्युरीपुढे आली. तिन्ही मुलांचा पुरावा एका न्यायासनापुढे, एका ज्युरीपुढे, एकत्र असा कधीच मांडला गेला नाही. एकदाही नाही! सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या मृत्यूचा तर खटलाच झालेला नाही.

मग या कुटुंबांनी काय केले? दगड उचलले नाहीत, कुणाचे घर जाळले नाही. ती कायदा बदलायला निघाली. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने दुबार खटल्याच्या मनाईला अपवाद करणारा कायदा केला: खुनासारख्या घोर गुन्ह्यात 'ताजा आणि सबळ' पुरावा पुढे आला, तर अपील न्यायालय जुना निर्दोष-निकाल रद्द करून नव्या खटल्याचा हुकूम देऊ शकते. कुटुंबांना वाटले, आता तरी. पण दार उघडून आत भिंत बांधावी तशी त्या कायद्याची रचना निघाली. पुरावा ताजा केव्हा मानायचा? आधीच्या खटल्यात तो मांडला गेला नसेल तर, आणि शिवाय वाजवी तत्परता दाखवूनही तो तेव्हा मांडता आला नसता तर. दुसरी अट नीट वाचा. तत्परता दाखवायची कुणी? पोलिसांनी. ती दाखवली नाही कुणी? पोलिसांनी. आणि म्हणून दार बंद कुणासाठी? मुलांसाठी! पोलीस जितके अधिक बेफिकीर, तितका पुरावा 'ताजा' ठरण्याची शक्यता कमी. शासनाची कसूर हाच शासनाने पुढे काही न करण्याचा परवाना ठरतो. असा कायदा लिहिणाऱ्यांनी तो बाउराव्हिलच्या मिशनमध्ये जाऊन एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

त्यानंतरची दहा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. ॲटर्नी जनरल आले आणि गेले, प्रकरण अपील न्यायालयाकडे पाठवायला कुणी तयार होईना. २०१४ मध्ये विधान परिषदेच्या समितीने बाउराव्हिलला जाऊन कुटुंबांचे म्हणणे ऐकले आणि कायद्यातल्या या अटीचा फेरविचार व्हावा असे सुचवले. तो फेरविचार निवृत्त न्यायमूर्ती जेम्स वुड यांच्याकडे सोपवला गेला. २०१५ मध्ये त्यांनी बदल करू नये असा सल्ला दिला. २०१६ मध्ये पोलीस आयुक्त अँड्र्यू स्किपिओनी यांनी कुटुंबांची माफी मागितली. त्याच वर्षी ॲटर्नी जनरल गॅब्रिएल अप्टन यांनी प्रकरण अखेर न्यायालयाकडे धाडले. २०१७ च्या अखेरीस सुनावणी झाली. २०१८ च्या त्या दिवशी निकाल लागला: पुढे केलेला बहुतेक पुरावा आधीच्या खटल्यांच्या वेळी उपलब्ध होता किंवा प्रयत्नाने आणता आला असता. पुराव्याच्या स्वीकाराचे नियम नंतर सैल झाले, एवढ्याने जुना पुरावा ताजा होत नाही. २२ मार्च २०१९ ला ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने अपिलाची परवानगीही नाकारली.

त्या न्यायाधीशांना आम्ही दोष देत नाही. न्यायाधीश कायदा वाचतात, लिहीत नाहीत. दोषी आहे तो लिहिणारा. ज्या पोलीस दलाच्या प्रमुखाने माफी मागितली, त्याच पोलीस दलाच्या कसुरीमुळे अर्ज फेटाळला जातो, आणि ज्या सरकारच्या वतीने माफी मागितली जाते तेच सरकार कायद्याला हात लावत नाही. मग ती माफी कशाची होती? माफी मागायची आणि अन्यायाचे फळ तसेच ठेवायचे, याला आमच्या भाषेत मानभावीपणा म्हणतात. विरोधी बाकांवरून २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक आले, तेही पुढे गेले नाही.

आता विरोधकांचे म्हणणे. ते हलके नाही, म्हणून त्याला हलक्यात उत्तर देणार नाही. ऑस्ट्रेलियातच क्वीन्सलंड राज्यात इप्सविच गावी १९७३ साली सतरा महिन्यांच्या एका बाळाचा खून झाला. १९८५ मध्ये एकाला दोषी ठरवले गेले, पण अपिलात तो सुटला. पंधरा वर्षांनी सरकारने त्याच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला, का, तर पहिल्या खटल्यात त्याने 'मी खून केला नाही' असे शपथेवर सांगितले होते. तिथे तो दोषी ठरला, वरच्या न्यायालयात पुन्हा सुटला, आणि डिसेंबर २००२ मध्ये उच्चतम न्यायालयाने सरकारला खडसावले की खोट्या साक्षीचे नाव देऊन हा त्याच खुनाचा दुसरा खटला आहे. त्या निकालावर देशभर संताप उसळला. राज्याराज्यांत कायदे बदलले ते त्याच लाटेत. पण आम्हाला त्या निकालातले मर्म मान्य आहे. मागच्या दाराने दुसरा खटला आणण्याची मुभा सत्तेला दिली तर ती थांबणार नाही. एकदा हरलेला सरकारी वकील दुसऱ्या वेळी साक्षीदार पढवून आणील, तिसऱ्या वेळी नवा गुन्हा शोधील. माणूस खटल्यात मरेल. म्हणूनच जे करायचे ते उघड, कायद्याने, एकदाच आणि वरिष्ठ न्यायालयाच्या हाताखाली.

आणखी एक आक्षेप असा की पोलिसांची कसूर माफ केली तर ते पहिल्या खटल्यात अधिकच ढिलाई करतील. पुन्हा संधी आहेच, मग कशाला जिवाचे रान करा? या युक्तिवादाचा पाया चुकीचा आहे. जो पोलीस आदिवासी आईला 'येईल परत' म्हणून वाटेला लावतो, तो दुबार खटल्याच्या कायद्याचे कलम मनात घोळवत बसलेला नसतो. त्याच्या मनात त्या मुलाची किंमत शून्य असते. ती किंमत वाढवायची असेल तर त्या अधिकाऱ्याच्या बढतीवर, निवृत्तिवेतनावर आणि नोकरीवर टाच आणा, चौकशी करा, नावानिशी जबाबदारी ठरवा. त्याच्या गुन्ह्यासाठी मुलांचा न्याय ओलीस ठेवून काय साधते?

मार्ग आहे, आणि तो चालून दाखवलेला आहे. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा वर्णद्वेष्ट्यांनी खून केला. पोलिसांनी तपासाची माती केली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीस दलातला संस्थात्मक वर्णद्वेष उघडा पाडला आणि दुबार खटल्याच्या मनाईला अपवाद करण्याचा विचार व्हावा असे सुचवले. त्यातून २००३ चा फौजदारी न्याय कायदा आला आणि त्याची ही तरतूद २००५ मध्ये लागू झाली. या इंग्रजी कायद्याची रचना बघा. आधीच्या खटल्यात मांडला गेला नसेल तर पुरावा नवा. बस्स. पोलिसांनी तत्परता दाखवली होती की नाही, याचा विचार तिथेही होतो, पण तो 'न्यायाच्या हितात काय आहे' हे ठरवताना इतर गोष्टींसोबत होतो. न्यायालय सगळे पारड्यात घालते आणि मग ठरवते. न्यू साउथ वेल्समध्ये तीच गोष्ट दाराचे कुलूप करून ठेवली आहे.

इंग्लंडच्या त्या कायद्याने काय साधले? ब्रायटनच्या वाइल्ड पार्कमध्ये ऑक्टोबर १९८६ मध्ये नऊ-नऊ वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला. रसेल बिशप या माणसावर खटला झाला. पुराव्याची हाताळणी गलथान होती. १० डिसेंबर १९८७ ला तो सुटला. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, त्याने सात वर्षांच्या आणखी एका मुलीला पळवले, तिच्यावर अत्याचार केला आणि मेली समजून टाकून दिले. ती वाचली. तिच्या साक्षीने तो तुरुंगात गेला. पण आधीच्या दोघींचे काय? त्यांच्या घरच्यांना कायदा सांगत राहिला की निकाल लागलेला आहे. पुढे डीएनए तपासणीचे तंत्र सुधारले, जपून ठेवलेल्या जुन्या कपड्यावरून पुरावा मिळाला, अपील न्यायालयाने जुना निकाल रद्द केला, आणि १० डिसेंबर २०१८ रोजी, सुटकेच्या दिवसानंतर बरोबर ३१ वर्षांनी, ज्युरीने त्याला दोन्ही खुनांसाठी दोषी ठरवले. सिडनीत बाउराव्हिलच्या कुटुंबांना परत पाठवले गेले त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. २००५ नंतर इंग्लंडमध्ये या तरतुदीचा गैरवापर करून सरकार निरपराधांच्या हात धुऊन मागे लागले, असे झालेले नाही. ती मोजक्या वेळा, घोर गुन्ह्यांतच, न्यायालयाच्या परवानगीने वापरली गेली.

आपल्याकडे काय आहे, असे वाचक विचारील. आपल्या राज्यघटनेचे कलम २० (२) सांगते की एकाच गुन्ह्यासाठी कुणावर एकाहून अधिक वेळा खटला भरून शिक्षा केली जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात या कलमाची कक्षा आखली. सांताक्रूझ विमानतळावर जप्त झालेल्या सोन्यावरून उभा राहिलेला तो खटला. घटनेतले हे संरक्षण खटला आणि शिक्षा दोन्ही झालेल्यासाठी आहे. निर्दोष सुटलेल्याला संरक्षण मिळते ते मुख्यतः साध्या कायद्याने: पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३००, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७. आपल्याकडे एक मोठा आधार असा की निर्दोष-निकालाविरुद्ध सरकारला अपील करता येते, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडितांनाही. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडात चौदा माणसे मेली, साक्षीदार फिरले आणि २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती सुटका रद्द करून नवा खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायचा हुकूम दिला. तो मुंबईत चालला आणि २००६ मध्ये नऊ जण दोषी ठरले. पुढे २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या पाच जणांना सोडले आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. फेरखटला म्हणजे सरकारला आयती शिक्षा नव्हे, तिथेही पुरावा कसाला लागतो, हे यावरून दिसते. पण अपिलांची शिडी संपली आणि त्यानंतर दहा वर्षांनी अकाट्य पुरावा निघाला तर? आपल्या कायद्यात त्याला वाट नाही.

तरीही इंग्लंडची तरतूद उद्याच भारतात आणा, असे आम्ही म्हणणार नाही. जिथे निरपराध माणसे खोट्या आरोपांखाली वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत पडतात, तिथे पोलिसांच्या हाती दुसऱ्या खटल्याचे हत्यार देण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे. आपला रोग वेगळ्या जागी आहे. नोएडाजवळच्या निठारीतून २००५-०६ मध्ये मुले नाहीशी होत गेली. पोटासाठी परगावाहून आलेल्या गरिबांची मुले ती. आईबाप चौकीवर गेले तेव्हा त्यांनाही परतवून लावले गेले, पोरगी पळून गेली असेल असे ऐकवले गेले. २९ डिसेंबर २००६ ला एका बंगल्यामागच्या नाल्यातून कवट्या आणि हाडे निघाली. फाशीच्या शिक्षा झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासाच्या चिंध्या केल्या: साठ दिवस पोलीस कोठडीत ठेवून घेतलेला कबुलीजबाब, आणि अवयवांच्या व्यापाराचा धागा तपासण्याची सूचना असूनही तो सोडून दिलेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिले फेटाळली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही शिक्षा रद्द केली. न्यायालयाने योग्य केले, कारण सिद्ध न झालेल्या गुन्ह्यासाठी कुणाला लटकवता येत नाही. पण मग ती मुले कुणी मारली? वीस वर्षांनी भारत सरकारकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. बाउराव्हिलच्या आईला 'भटकायला गेली असेल' आणि निठारीच्या आईला 'पळून गेली असेल' असे सांगणारी माणसे दोन टोकांच्या दोन देशांतली असली तरी त्यांची जात एकच आहे, आणि त्या जातीचा बंदोबस्त केल्याशिवाय कायद्याची कोणतीही दुरुस्ती पुरी पडणार नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात तो पाळला जातो का, हे गृहखात्याने जाहीर करावे. जिथे पाळला जात नाही तिथल्या ठाणे अंमलदाराला त्याच दिवशी घरी पाठवावे.

आता न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाला आमचे स्पष्ट सांगणे. त्या कायद्यातली 'वाजवी तत्परते'ची अट पुराव्याच्या व्याख्येतून काढा आणि इंग्लंडप्रमाणे ती न्यायाच्या हिताचा विचार करताना न्यायालयाने तोलावयाच्या गोष्टींत टाका. पूर्वी ज्युरीपुढे येऊ न दिलेला पुरावा, जर आजच्या नियमांनी तो ग्राह्य असेल तर, नवा मानण्याची मुभा न्यायालयाला द्या. ही मुभा खून आणि तशाच घोर गुन्ह्यांपुरती ठेवा, अर्ज एकदाच करता येईल असे लिहा, परवानगी फक्त अपील न्यायालयाची असू द्या, आणि नव्या खटल्यातला आरोपीच्या बचावाचा सगळा खर्च राज्याने उचलावा असे कलम घाला. ज्या प्रकरणात तपासातली कसूर दुसऱ्या खटल्याचे कारण ठरते, तिथे त्या कसुरीची स्वतंत्र चौकशी सक्तीची करा. एवढ्या अटी घातल्यावर निरपराधाचे कवच कुठे पातळ होते, ते विरोध करणाऱ्यांनी दाखवून द्यावे.

हा कायदा बदलला तरी तो माणूस दोषी ठरेलच असे नाही. कदाचित तिसरी ज्युरीही त्याला सोडील. तिन्ही मुलांचा पुरावा शेजारी शेजारी ठेवून, ट्रकवाल्यांची साक्ष ऐकून, उलटतपासणी होऊन जर 'निर्दोष' असा निकाल आला, तर तो आम्ही मान्य करू, आणि आमचा विश्वास आहे की ती कुटुंबेही तो ऐकून घेतील. त्यांनी तीन दशकांत मागितले आहे ते एवढेच: आमच्या मुलांबद्दल जे माहीत आहे ते सगळे एकदा, एका ठिकाणी ऐका. हे मागणे कोणत्याही सुसंस्कृत राज्याला जड जाऊ नये. साक्षीदार म्हातारे होत आहेत. आईबाप आणि आजीआजोबा वाट पाहत काळाआड जात आहेत. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने ही दुरुस्ती पुढच्या चौकशी समितीवर न ढकलता याच अधिवेशनात मांडावी आणि मंजूर करावी.